मनाचा कौल ऐकायचा तर: चीगोंग, योग की नुसतं उभं राहणं?

देवळात कौल लावताना पाहिलं असेल तुम्ही. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे टक लावून बघत बसतात, उजवी पडते की डावी. जागा विकायची का, विहीर कुठे खणायची, आलेल्या स्थळाला होकार द्यायचा का. आपण 'मनाने कौल दिला' म्हणतो ते यावरूनच. फक्त मनाच्या गाभाऱ्यात गुरव नसतो. पाकळी आपोआप पडली की आपणच हळूच फुंकर मारली, हे सांगणारं तिथे कोणी नसतं.

मी गुहागरला राहते. थोडी नारळी-पोफळीची वाडी, थोडी आंब्याची कलमं. सकाळी साडेसहाला आमच्या खळ्यात चार-पाच जणी जमतो आणि चीगोंग करतो, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवून करायचा संथ चिनी व्यायाम. मी कुणाची गुरू नाही. अकरा वर्षांपूर्वी कंबरदुखीपायी सुरू केलं आणि मग सुटलं नाही, एवढंच. पण नवीन येणारी प्रत्येक जण आठवडाभरात तोच प्रश्न विचारते: "ताई, याने आतला आवाज ऐकू येतो म्हणतात, खरं का? की योगच बरा? की ध्यानाला बसू?" मोबाईलवर काहीबाही बघून आलेली असते. तिला दर वेळी तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी ठरवा, कौल कशाचा हवाय

ही पायरी सगळे गाळतात, म्हणून हिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

इथून जवळच्या वेलदूरच्या एका तांडेलकाकांना, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्यांना, मी एकदा विचारलं होतं, "परवा सगळ्या होड्या गेल्या, तुमची का नाही गेली?" म्हणाले, "मन घेईना." दुपारी वारा फिरला, गेलेल्या होड्या अर्ध्यातून परतल्या. मी चहा दिला आणि खोदून खोदून विचारत राहिले. बऱ्याच वेळाने एकेक बाहेर आलं. पहाटे वारा पडलेला होता, तरी किनाऱ्यावर लांबून येणारी जड लाट लागत होती. वारा नसताना अशी लाट आली तर लांब कुठेतरी समुद्र खवळलेला असतो. शिवाय आदल्या रात्री वाऱ्याने दोनदा दिशा बदलली होती. यातलं काहीच त्यांनी पहाटे मनात 'विचार' म्हणून मांडलं नव्हतं. त्यांना कळलं ते एवढंच, की मन घेत नाही.

अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेले हर्बर्ट सायमन यांनी अंतःप्रेरणेची व्याख्या अशीच कोरडी केली होती: ती म्हणजे ओळख, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. समोरच्या परिस्थितीत एखादी खूण दिसते, ती खूण स्मरणातलं काहीतरी जागं करते, आणि उत्तर वर येतं. पुढे २००९ मध्ये डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी मिळून एक निबंध लिहिला. कानमन अंतःप्रेरणेकडे संशयाने बघणारे, तर क्लाइन यांनी आगीच्या बंबावरच्या माणसांचे क्षणात घेतलेले निर्णय अभ्यासलेले. भांडायला बसले आणि बऱ्याच गोष्टींवर त्यांचं एकमत झालं. आतल्या आवाजावर भरवसा कधी ठेवावा, तर दोन अटी पुऱ्या झाल्या तर. ज्या गोष्टीबद्दल आवाज बोलतोय तिच्यात काही नियमितपणा असला पाहिजे. आणि ती गोष्ट तुम्ही पुष्कळदा पाहिलेली, आपलं बरोबर आलं की चूक हे दर वेळी कळलेलं, असलं पाहिजे.

आता हे स्वतःला लावून बघा. मोहोर बघून यंदा तुडतुडे येणार का, हे कलमवाल्याला कळतं. पोर तापाने चिरचिरतंय की भुकेने, हे आईला कळतं. रुग्णाच्या नुसत्या चालण्यावरून नर्सला काहीतरी खटकतं. तिथे आतला आवाज ऐकण्याजोगा असतो आणि तो ऐकू यायला मन-शरीराचा सराव मदत करू शकतो. पण लॉटरीचा आकडा, उद्याचा शेअरचा भाव, हरवलेली अंगठी कुठे आहे, मुंबईत मुलगा आत्ता काय करतोय? यांच्यासाठी कुठलाही सराव निवडा, चिनी, हिंदी की तिबेटी, हाती काही लागणार नाही. त्यासाठीच कोणी आलेली असेल तर मी तिला चहा पाजून सरळ तसं सांगते.

तेव्हा एका कागदावर लिहून काढा: माझ्या आयुष्यात अशा कुठल्या तीन गोष्टी आहेत ज्यांत मला वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, आणि तरी ऐन वेळी मी गडबडते? तुमचा सराव या तीन गोष्टींसाठी.

सराव काय करतो आणि काय करत नाही

भीती, हाव आणि ओळख, तिघी आत एकाच दाराने येतात. सराव करून दारात जरा उजेड पडतो, कोण आलंय ते दिसतं. माझ्यापुरतं सांगायचं तर भीती बडबडते, तिच्याकडे पूर्ण वाक्यं असतात, आणि ती घाई करते. हाव गोड बोलते. ओळख मात्र बहुतेक मुकी असते, पोटात किंवा खांद्यात नुसता एक ओढा जाणवतो. तुमचं वेगळं असेल. पण कुठेतरी फरक असतो आणि शरीर थोडं शांत असल्याशिवाय तो टिपता येत नाही.

शरीर शांत होण्यातला सगळ्यात पक्का भाग आहे श्वास. मिनिटाला साधारण सहा श्वासांच्या लयीवर आलो की हृदयाच्या ठोक्यांची आणि रक्तदाबाची चढउतार एका तालात येते. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतला एक छोटा प्रयोग छापून आला होता, २३ निरोगी माणसांवरचा. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावा, नाहीतर 'ओम मणि पद्मे हुम' म्हणायला लावा, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहावर येत होता. म्हणजे कोर्लईच्या चर्चमधली रोझरी असो की आपली संथ म्हटलेली नामावली, फुप्फुसाला धर्म कळत नाही. हे मी आमच्या खळ्यात सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मग आमचं अथर्वशीर्ष काय वाईट?" काही वाईट नाही, फक्त काकू ते ज्या वेगाने म्हणतात त्या वेगाने श्वास घ्यायलाच जागा उरत नाही.

आता दुसरी बाजू. २००८ साली अनुभवी ध्यान करणाऱ्यांची परीक्षा घेतली गेली: नाडीला हात न लावता स्वतःच्या हृदयाचे ठोके कितपत कळतात? तिबेटी पद्धतीने ध्यान करणारे होते, कुंडलिनी पद्धतीचे होते आणि कधीच ध्यान न केलेलेही होते. ध्यानवाले सरस ठरले नाहीत. मात्र स्वतःला गुण देताना त्यांनी सढळ हाताने दिले. हा प्रयोग मी कुणालाही नाउमेद करायला सांगत नाही. सरावाने आत्मविश्वास हमखास वाढतो, अचूकपणा वाढेलच असं नाही, आणि आतून या दोन्हींची चव अगदी सारखी लागते. म्हणूनच पुढे वहीचा भाग आहे, तो टाळू नका.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत तिसऱ्या पादात 'प्रातिभाद्वा सर्वम्' असं सूत्र आहे, प्रातिभ, म्हणजे आतून उमगलेल्या, ज्ञानाने सगळं कळतं असं सांगणारं. ते आजकाल बरेच जण सांगतात. तिथून थोडंच पुढे आहे की या सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत. ते सांगायला सहसा वेळ उरत नाही.

चीगोंग म्हणजे काय

चिनी भाषेत 'ची' म्हणजे श्वास, वायू, प्राण यांच्या जवळपासचं काहीतरी, आणि 'गोंग' म्हणजे कष्टाने, रियाजाने कमावलेलं कसब. मराठीत कुठे किगोंग, कुठे चीकुंग असंही लिहितात. ही मुळं फार जुनी आहेत. १९७३ मध्ये चीनमधल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई इथल्या थडग्यात रेशमी कापडावर काढलेलं एक चित्र सापडलं, त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या आहेत, बायका, पुरुष, तरुण, म्हातारे. ते थडगं इसवी सनापूर्वी १६८ चं. पण या सगळ्या प्रकारांना मिळून 'चीगोंग' हे नाव रूढ झालं ते १९५० च्या दशकात, सरकारी आरोग्यधामांतून. त्यातलं एक बेइदायहे नावाच्या समुद्रकाठच्या गावी होतं, हे वाचलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

अंतःप्रेरणेशी चीगोंगचं नाव जोडलं गेलं त्याचीही एक गोष्ट आहे. १९७९ मध्ये सिछुआन प्रांतातला एक मुलगा कानाने अक्षरं वाचतो अशी बातमी तिथल्या वर्तमानपत्रात आली. मग गावोगाव अशी मुलं निघाली, आणि पुढच्या दशकात चीगोंगची जी प्रचंड लाट आली तिच्यात व्यायाम, उपचार आणि दिव्यशक्ती यांची सरमिसळ झाली. आपल्याकडे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलांचे महागडे वर्ग निघाले होते, आठवतात ना? पट्टीच्या खाली नाकाजवळ फट राहते. तिथलंही प्रकरण फारसं वेगळं नव्हतं. 'तिसरा डोळा उघडून देतो' म्हणून सांगणाऱ्या एका ऑनलाइन वर्गात मीही पैसे घातलेत. सहा आठवडे झाले, डोळा उघडला तो बँकेचा निरोप बघून.

नवशिक्यांनी चीगोंगमधले दोनच प्रकार बघावेत. एक 'बादुआनजिन', आठ हालचालींचा संच. दोन्ही हातांनी आभाळ तोलणं, डावी-उजवीकडे धनुष्य ताणणं, मान वळवून मागे बघणं, शेवटी टाचा उचलून अलगद आपटणं असं त्यात आहे. बारा ते पंधरा मिनिटांत होतो, दहा-बारा दिवसांत पाठ होतो. दुसरा 'झान झुआंग', म्हणजे खुंटासारखं उभं राहणं. यात काहीच करायचं नसतं, म्हणून तो अवघड. मन शांत होऊन खुणा टिपायला लागतं ते या दुसऱ्या प्रकारात जास्त, असा माझा अनुभव. तांडेलकाकांना मी तो करून दाखवला. त्यांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "याला शिकवणी कशाला लागते? आमी होडीत जन्मभर हेच करतो." गुडघे सैल, वजन तळव्यात, नजर लांब. अगदी बरोबर होतं त्यांचं.

बाकीचे पर्याय, थोडक्यात आणि माझ्या मताने

सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम. पण दम लागलेला असताना आतलं काही ऐकू येत नाही. ते घाला आणि मग पाच मिनिटं शवासनात पडा, खरं काम त्या पाच मिनिटांत होतं.

आसनं आणि प्राणायाम यांचा मोठा फायदा म्हणजे शिकवणारं माणूस गावात मिळतं. तालुक्याच्या ठिकाणी एखादा योगवर्ग असतोच. चीगोंग शिकवणारं माणूस चिपळूण-रत्नागिरीलाही शोधावं लागेल, बहुतेकींना ते व्हिडिओ बघूनच शिकावं लागतं. अंतःप्रेरणेसाठी योगातलं काय घ्यावं, तर अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. कपालभातीने तरतरी येते, ती वेगळी गोष्ट.

ताई-ची हा दुसरा चिनी व्यायामप्रकार दिसायला सगळ्यात देखणा. म्हाताऱ्या माणसांचा तोल सुधारायला त्याचा चांगला उपयोग होतो. पण सोपा केलेला संचसुद्धा २४ हालचालींचा आहे आणि शिक्षकाशिवाय तो चुकीचाच बसतो. इथे राहून शिकायचा हट्ट धरू नका.

सोऽहम्. हे आपल्या दारातलं. रत्नागिरीजवळ पावसला स्वामी स्वरूपानंदांनी नाथपरंपरेतली ही साधना आयुष्यभर केली. श्वास आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हम्', एवढंच. ना कपडे बदलायचे, ना जागा लागते. एसटीत बसून होतं. बसल्या जागी झोप लागणाऱ्यांना मात्र हे नको, त्यांनी उभं राहावं.

विपश्यनेबद्दल हमखास विचारतात, कारण इगतपुरी जवळ. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं ते केंद्र १९७६ पासूनचं. दहा दिवस मौन, रोज दहा तासांच्या आसपास बसणं, पहिले तीनेक दिवस नुसता नाकाजवळचा श्वास, फी नाही. करून आलेल्या बऱ्याच जणींना फायदा झालेला मी पाहिलाय. पण 'मला इंट्युशन हवंय' म्हणून पहिलीच उडी तिथे मारू नका. ज्या बाईने घरी दहा मिनिटं सलग बसून पाहिलं नाही तिने दहा दिवसांचं ताट वाढून घेऊ नये. शिवाय नैराश्य किंवा भास होण्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात ते लपवू नका.

आणि चालणं. पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, अनवाणी, फोन घरी ठेवून, गप्पा न मारता. हा पर्याय कुणालाच पुरेसा भारी वाटत नाही, म्हणून मागे पडतो.

निवड कशी करायची

स्वतःला तीन प्रश्न विचारा. बसलं की काय होतं? पाय वळवळत असतील, डोक्यात यादी सुरू होत असेल, तर हालचालीचा प्रकार घ्या: बादुआनजिन नाहीतर चालणं. उलट दिवसभर वाडीत, मच्छीबाजारात, नाहीतर कोळंबी सोलत उभ्या असाल तर आणखी उभं राहू नका, सोऽहम् करा, नाहीतर पडून सावकाश एकेका अवयवावर लक्ष न्या.

घरात एकांत किती? आठ माणसांच्या घरात डोळे मिटून बसलेल्या सुनेला तीनदा हाक येते. हात वर करून व्यायाम करणाऱ्या सुनेला त्या मानाने कमी येते, का ते देव जाणे. बऱ्याच जणींनी चीगोंग धरलं ते या एका कारणाने, आणि मला ते कारण पुरेसं वाटतं.

तिसरा प्रश्न: श्रद्धा कुठे आहे? नामस्मरणात मन रमत असेल तर 'ची' नावाचा नवा शब्द कशाला आणायचा? आणि देवाधर्माचं नाव काढताच कपाळाला आठी पडत असेल तर चीगोंगचा नुसता व्यायाम सोयीचा.

यातून दोन निवडा, दोनच. प्रत्येकाला एकवीस दिवस द्या, एकामागून एक, एकाच दिवशी दोन्ही नाही. चौथ्या दिवशी कंटाळा येतो. तो सगळ्यांनाच येतो आणि त्यावरून काही ठरवू नये.

जागा आणि वेळ

नवीन येणारी प्रत्येक जण म्हणते, "समुद्रावरच करू या की." करा, पण रोजचा सराव समुद्रावर लावू नका. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करा की भरतीची वेळ येते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकराला भरती, म्हणजे त्याआधी सहाएक तास, पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी आणि साडेसहाला छान कडक, रुंद पुळण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. त्या सकाळी तुम्ही जाल तेव्हा पाणी सुरूच्या झाडांच्या दिशेने आलेलं असेल आणि उभं राहायला मिळेल ती भुसभुशीत वाळू, तिच्यात घोटे वळतात. म्हणून रोज खळ्यात किंवा पडवीत, आणि पंधरवड्यातून एकदोनदा तिथी बघून पुळणीवर.

कातळावर अंधारात अनवाणी उभं राहू नका. जांभ्याच्या फटींत फुरसं, हा विषारी साप, असतं आणि ते मातीच्याच रंगाचं. उजाडू द्या. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा जून ते सप्टेंबर पडवीतच. त्या दिवसांत खिडकीजवळ उभं राहून पावसाच्या आवाजावर लक्ष ठेवलं तरी चालतं. एप्रिल-मे मध्ये उन्हं वर यायच्या आत उरका, घामाने हात चिकट झाले की मन डासांसारखं गुणगुणतं. पोट रिकामं असावं, पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अगदी उपाशी उभं राहू नये.

पहिले एकवीस दिवस: उभं राहणं

बादुआनजिन लिहून शिकवता येत नाही, ते बघूनच शिका. उभं राहणं सांगता येतं.

पावलं खांद्यांइतकी लांब, बोटं समोर. गुडघे लॉक केलेले नकोत, किंचित सैल, होडीत उभं असल्यासारखे. माकडहाड खाली लोंबतंय असं समजा. डोक्याच्या मध्यावरून कोणी धाग्याने वर धरलंय, हनुवटी जरा आत. जिभेचं टोक टाळूला हलकं टेकलेलं. आता हात छातीच्या उंचीवर गोल, मधोमध माड आहे आणि त्याला सैल कवेत घेतलंय असे. खांदे वर चढतील, ते पाडा. पुन्हा चढतील. श्वास मुद्दाम लांबवू नका, नाकाने जसा येईल तसा, पोटापर्यंत जाऊ द्या. डोळे अर्धे उघडे.

पहिला आठवडा तीन मिनिटं, दुसरा पाच, तिसरा आठ. मांड्या थरथरतील, हात कोमट होतील, तळव्यांत मुंग्या येतील. हे सगळं रक्ताभिसरणाचं आणि स्नायूंचं काम आहे, त्यात 'शक्ती जागृत झाली' असं काही नाही. चक्कर आली किंवा कानात दडे बसल्यासारखं झालं तर लगेच बसा. संपवताना हात पोटावर, बेंबीच्या खाली ठेवून दहा श्वास.

आणि मग, चहाला जाण्याआधी, एक मिनिट तुमच्या त्या तीन गोष्टींपैकी आज समोर असलेल्या एकीचा प्रश्न मनात आणा. उत्तर मागू नका. अंगात कुठे काय होतं ते बघा: पोट आवळतं, खांदे उतरतात, की काहीच होत नाही. काहीच झालं नाही, हेही लिहायचं.

वही

साधी शाळेची वही. चार रकाने: तारीख, प्रश्न, अंगाने काय सांगितलं, आणि चौथा रिकामा. निकाल लागल्यावरच चौथा भरायचा. उदाहरणार्थ, 'या वर्षी आंब्याची पेटी ठरावीक दलालाकडे पाठवू की स्वतः गिऱ्हाईक शोधू?' अंग आवळलं, 'दलाल नको' लिहिलं. पंधरा दिवसांनी खरं-खोटं कळतं. निकाल कधीच लागणार नाही असे प्रश्न वहीत घेऊ नका, ते प्रश्न आपल्याला नेहमी बरोबर ठरवतात.

माझी पहिली वही मी वर्षअखेरीस वाचली तेव्हा कान गरम झाले. माणसांबद्दलचे माझे अंदाज, ज्यांचा मला फार अभिमान होता, जवळजवळ निम्मे चुकले होते. वाडीतल्या पाण्याबद्दलचे, रोपांबद्दलचे मात्र बहुतेक बरोबर. तेव्हापासून मी गड्यांना विचारायच्या आधी झाडांना विचारते. हसू नका, वहीच तसं सांगते.

दोन्ही सरावांचे एकवीस-एकवीस दिवस झाले की वही समोर घेऊन बसा. कुठल्या सरावानंतर नोंदी मोकळ्या, थोडक्या आणि नेमक्या आहेत? कुठल्या दिवसांत भीतीची लांबलचक वाक्यं आहेत? कुठला सराव तुम्ही कमी दिवस चुकवलात? हा शेवटचा आकडा मी सगळ्यात जास्त मानते. मग तो एक ठेवा, वर्षभर.

जपून

रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा पोटुशी असताना श्वास रोखण्याचे आणि जोरात फेकण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. कुठल्याही सरावाच्या जोरावर चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. छातीत दुखलं तर ती साठलेली ऊर्जा समजून उभं राहू नका, दवाखाना गाठा.

अति केलं तर मन बिघडूही शकतं. चिनी लोकांत याला जुना शब्दच आहे, आग भलतीकडे जाणं आणि भूत शिरणं अशा अर्थाचा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या रोगसूचीतही चीगोंगने उद्भवणाऱ्या भ्रमाची नोंद होती. तासन्‌तास एकटीने करणं, झोप उडणं, आवाज स्पष्ट शब्दांत आज्ञा देऊ लागणं, आपल्याला खास निवडलंय असं वाटू लागणं: यातलं काही सुरू झालं तर सराव त्याच दिवशी थांबवा आणि घरच्यांना सांगा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ वर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि मोठा पैसा, शस्त्रक्रिया, जमिनीचे कागद, लग्न यांत अंगाचा कौल हा एक साक्षीदार म्हणून घ्या. वकील, डॉक्टर, घरची वडीलधारी माणसं यांना विचारणं सोडू नका. तांडेलकाकासुद्धा हल्ली पहाटे मोबाईलवर हवामान खात्याचा इशारा बघतात आणि मग पाण्याकडे बघतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ते कधीमधी आमच्या खळ्यात येऊन उभे राहतात, सगळ्यांच्या मागे, कोणाशी न बोलता, आणि आमच्यापेक्षा पाच मिनिटं जास्त.

वहीसाठी पेन्सिल वापरा. जुलैत पानं सादळतात आणि शाई फुटते. माझी पहिल्या पावसाळ्याची अर्धी वही तशीच गेली, ती मी आता कोरड्या तांदळाच्या डब्याशेजारी ठेवते.